पेशींची झाडलोट आणि आमवात

गेल्या श्रावणात चाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. दोन्ही हातांची बोटे सुजलेली, मनगटे वळत नव्हती. कणीक मळणे तर सोडाच, कपाचा कानही धरवत नव्हता. पूर्वी गोळ्यांनी त्यांना चांगला आराम होता. मी विचारले, "गोळ्या चालू आहेत ना?" त्या म्हणाल्या, "दिवाळीपासून बंद केल्या, डॉक्टर. उपास केला की शरीर आतून साफ होतं आणि वात जातो, असं पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं. एकच वेळ जेवते."

बाईंनी ऐकलेले अगदीच निराधार नव्हते. पण अर्धवट माहिती सांध्यांना महाग पडते, म्हणून आज हा विषय.

पेशी म्हणजे एक छोटे घर समजा. त्यात जुनी, मोडकी प्रथिने आणि निकामी भाग साचतात. पेशी त्यांच्याभोवती पातळ पडद्याची पिशवी तयार करते. ही पिशवी लायसोसोम नावाच्या, पाचक द्रव्यांनी भरलेल्या दुसऱ्या पिशवीला मिळते. आतले भंगार विरघळते आणि उपयोगी माल पुन्हा वापरला जातो. या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी १९६३ मध्ये दिले. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये ती घडवणारी जनुके शोधली. त्यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उपाशी राहिल्यास ही झाडलोट वाढते, हेही खरे.

मग आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, काय घडते? रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांना शत्रू समजते. सांध्याचे आतले अस्तर सुजून जाड होते आणि कूर्चा व हाड पोखरू लागते. संशोधकांना असे आढळले, की या अस्तरातील काही पेशींत झाडलोट कमी नसून उलट वाढलेली असते. तिच्या जोरावर उपद्रवी पेशी मरायला हव्यात तेव्हाही तग धरतात. हाड कुरतडणाऱ्या पेशींनाही तिची मदत होते.

शिवाय भंगार फोडताना संरक्षक पेशी प्रथिनांचे काही बदललेले तुकडे बाहेर मांडतात. 'सिट्रुलिन' असलेले हे तुकडे परके समजून शरीर त्यांच्यावर तुटून पडते. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्येच शोधते. विडी-सिगारेटच्या धुराने फुफ्फुसात असे तुकडे वाढतात, म्हणून या रुग्णांनी धूम्रपान पूर्ण सोडावे.

आता गंमत पाहा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मूळची हिवतापावरील गोळी. ती लायसोसोममधील आम्लता कमी करून झाडलोट मंदावते. बाई जी क्रिया उपासाने वाढवू पाहत होत्या, तीच त्यांची एक गोळी आवरत होती! औषधाचा सारा गुण एवढ्यावरच नाही आणि उपासाने आमवात वाढतो असेही नाही. काहींना उपासात सूज उतरल्यासारखी वाटते, पण जेवण सुरू झाले की ती बहुधा परतते. झिजलेले हाड मात्र परतत नाही.

म्हणून वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा :

१) सकाळी तासभर बोटे आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर लवकर तपासून घ्या.

२) मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. दिवस राहण्याचा विचार असल्यास आधी डॉक्टरांना सांगा. गर्भावस्थेत ती चालत नाही.

३) हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

४) चतुर्थी-एकादशी श्रद्धेने जरूर करा, पण गोळ्यांच्या बदल्यात नव्हे. आधी डॉक्टरांना विचारा.

बाईंनी औषधे पुन्हा सुरू केली. काही महिन्यांत सूज उतरली, पोळ्या लाटू लागल्या. मात्र उजव्या हाताची दोन बोटे वाकडी राहिली ती राहिलीच. परवा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझं पेपरात लिहा. दुसऱ्या कुणाची तरी बोटं वाचतील." म्हणून लिहिले.