शीड निवडावे वजन पाहून
भोर-वेल्ह्याच्या जलाशयांवरील नौकानयनासाठी एक पाठ

भोर आणि वेल्हे या तालुक्यांची ओळख आजवर राजगड, तोरणा आणि रोहिडा या दुर्गांमुळे झालेली आहे. वेल्हे तालुक्यास तर आता राजगड हेच नाव देण्यात आले आहे. परंतु या डोंगराळ मुलखाची दुसरी ओळख पाण्याची आहे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी यांची भर पडली. दऱ्याखोऱ्यांत पसरलेले हे विस्तीर्ण जलाशय शेतीला आणि शहरांना पाणी पुरवितात. त्यांच्या काठच्या मुलामुलींना मात्र त्या पाण्यावर शिडाची होडी चालविण्याची संधी क्वचितच मिळते.

शिडाच्या होड्यांची शर्यत हा समुद्रकाठच्या लोकांचा खेळ, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर अशा शर्यती वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. याच मुठा खोऱ्यात खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र नौकानयन शिकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत नेहा ठाकूर या मुलीने रौप्यपदक मिळविले. ती मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातील असून तिचे शिक्षण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भोपाळ येथे झाले. विशेष म्हणजे तिच्या होडीचे शीड त्या प्रकारातील सर्वांत लहान शीड होते. हे लहान शीड म्हणजे कमीपणाची खूण नव्हे, हे समजावून देणे हाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

एक होडी, तीन शिडे

एकट्याने चालवावयाच्या शर्यतीच्या होड्यांत ‘लेझर’ ही होडी जगभर सर्वांत परिचित आहे. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी तिचा आराखडा केला आणि १९७१ मध्ये ती बाजारात आली. २०१९ पासून तिला ‘आयएलसीए’ या नावाने ओळखण्यात येते. तिची लांबी सुमारे ४.२ मीटर असून रिकाम्या सांगाड्याचे वजन सुमारे ५९ किलो असते. पुरुषांसाठी १९९६ पासून आणि स्त्रियांसाठी २००८ पासून तिचा ऑलिंपिक स्पर्धेत समावेश आहे.

या होडीचा सांगाडा, सुकाणू आणि मधल्या खाचेतून पाण्यात उतरवावयाची फळी ही सर्वांसाठी एकच असते. शीड मात्र तीन मापांचे मिळते :

आयएलसीए ४ : शीड ४.७० चौरस मीटर. साधारणपणे ५५ किलोपर्यंतच्या मुलामुलींसाठी.
आयएलसीए ६ : शीड ५.७६ चौरस मीटर. साधारणपणे ५५ ते ७० किलोच्या आसपास.
आयएलसीए ७ : शीड ७.०६ चौरस मीटर. साधारणपणे ७५ ते ८५ किलो वजनाच्या प्रौढांसाठी.

शीड बदलताना डोलकाठीचा केवळ खालचा तुकडा बदलावा लागतो. वरचा तुकडा आणि शिडाच्या पायथ्याची आडवी काठी म्हणजे बूम, ही दोन्ही तीच राहतात. लहान शिडासाठी खालचा तुकडा आखूड असतो. सर्वांत लहान शिडाचा तुकडा किंचित मागे वाकविलेला असतो, त्यामुळे शीड लहान होऊनही सुकाणूवरील तोल बिघडत नाही. वर दिलेल्या वजनाच्या मर्यादा काटेकोर नाहीत. उंची, ताकद आणि अनुभव यांनुसार त्यांत थोडा फरक पडतो.

तोलाचे गणित

बैलगाडीत ओझे मागच्या बाजूस जास्त पडले की गाडी उलाळ होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. होडीचा तोलही याच न्यायाने चालतो, फक्त येथे एका बाजूस वारा असतो आणि दुसऱ्या बाजूस माणूस. वारा शिडावर दाब देऊन होडी कलवू पाहतो. चालविणारा वाऱ्याकडील काठावर बसतो, पाय पट्ट्यात अडकवितो आणि अंग होडीबाहेर झुकवून तिला सरळ ठेवतो. त्याचे वजन आणि होडीच्या मध्यरेषेपासून त्याच्या अंगाचे अंतर, या दोहोंचा गुणाकार ही त्याची सारी शक्ती. म्हणूनच दोघांचे वजन सारखे असल्यास उंच मुलास थोडा अधिक लाभ होतो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १० किलोमीटरचा वारा २० किलोमीटर झाला तर शिडावरील दाब दुप्पट न होता चौपट होतो. माणसाचे वजन मात्र तेवढेच राहते. म्हणून प्रत्येकाच्या बाबतीत वाऱ्याची एक मर्यादा येते. तिच्यापलीकडे शीड ढिले सोडून वारा वाया घालविण्याखेरीज उपाय राहत नाही.

आता हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घ्यावा. ८० किलोच्या माणसाजवळ ७.०६ चौरस मीटरचे शीड असेल तर दर चौरस मीटरमागे सुमारे ११.३ किलो वजन येते. ६५ किलोच्या माणसाजवळ ५.७६ चौरस मीटरचे आणि ५३ किलोच्या मुलीजवळ ४.७० चौरस मीटरचे शीड असेल तरी उत्तर तेच, ११.३ किलो. तीन माणसे, तीन शिडे, पण प्रमाण एकच. तिन्ही मापांमागील तत्त्व या उत्तरात दिसून येते. दर चौरस मीटरमागे सुमारे ११ किलो ही खूणगाठ शिक्षकाने मनाशी बांधावी.

समजा, ५० किलोच्या विद्यार्थिनीस मोठे शीड दिले. दर चौरस मीटरमागे तिचे वजन जेमतेम ७.१ किलो भरते, म्हणजे योग्य प्रमाणाच्या सुमारे ६३ टक्के. वाऱ्याचा जोर वर्गाने वाढत असल्यामुळे या संख्येचे वर्गमूळ घ्यावे. ते सुमारे ०.७९ येते. याचा अर्थ, ८० किलोचा माणूस जेथे प्रथम हतबल होईल, त्याच्या चार-पंचमांश वाऱ्यातच ही मुलगी हतबल होईल. तिलाच ४.७० चौरस मीटरचे शीड दिल्यास प्रमाण १०.६ किलोवर येते आणि ती इतरांच्या बरोबरीने उभी राहते. लहान शिडाचा दाब खालच्या उंचीवर पडत असल्यामुळे प्रत्यक्षात तिला याहूनही थोडे सोपे जाते.

उलट चूकही होते. ८० किलोच्या तरुणाने सर्वांत लहान शीड घेतले तर दर चौरस मीटरमागे १७ किलो वजन येते. त्याची होडी कलणार नाही, पण मंद वाऱ्यात ती हलणारही नाही.

डोंगरातला वारा

भोर-वेल्ह्याच्या जलाशयांना चहूकडून डोंगरांच्या सोंडांनी वेढलेले आहे. त्यामुळे येथील वारा समुद्रावरील वाऱ्यासारखा एकसारखा वाहत नाही. सोंडेच्या आड तो पडतो, खिंडीसमोर अचानक झोत येतो आणि दिशाही बदलते. म्हणून येथे शीड निवडताना वाऱ्याच्या सरासरी वेगापेक्षा झोताचा वेग विचारात घ्यावा. दोन मापांबद्दल शंका असेल तर नवशिक्याला लहान माप द्यावे.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. होडी उलटणे ही या खेळातील नित्याची गोष्ट असून ती पुन्हा उभी करणे हा पहिला धडा असतो. खालच्या फळीवर उभे राहून आपल्या वजनाने होडी उताणी करावी लागते. पाण्यात पडलेले मोठे शीड हलक्या मुलाला उचलत नाही आणि ते मूल थकून जाते. पोहता येणे, तरंगजाकीट आणि जवळ मदतीची होडी या तीन गोष्टींवाचून कोणासही पाण्यात उतरवू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेल्या जुन्या बांधकामांचे अवशेष वर येतात, याचीही नोंद ठेवावी. मुसळधार पावसाच्या आणि पाणी सोडण्याच्या काळात सराव बंद ठेवणेच इष्ट होय.

मुलाला शिडाच्या मापात बसवू नये

पूर्वी शर्यतीत वजन वाढविण्यासाठी काही नाविक भिजलेले जड कपडे किंवा पाण्याने भरलेली जाकिटे अंगावर घालीत. पाठीवर त्याचा ताण पडे. आता शर्यतीच्या नियमांनी अंगावरील वस्त्रसामग्रीचे वजन मर्यादित केले आहे. मोठ्यांच्या बाबतीत जे अयोग्य ठरले ते वाढत्या वयाच्या मुलांकडून करवून घेणे सर्वथा चुकीचे आहे. ‘जरा जास्त जेव, म्हणजे मोठे शीड मिळेल’ किंवा ‘दोन किलो कमी कर’ असा सल्ला शिक्षकाने कधीही देऊ नये. तीन मापे याचसाठी आहेत की शीड माणसाप्रमाणे बदलावे, माणसाने शिडाप्रमाणे बदलू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठ्या शिडाखाली जी मुलगी वारंवार उलटते, तिला आपण भित्री किंवा अशक्त ठरवितो. ती स्वतःही तसेच समजू लागते आणि पाण्याकडे पाठ फिरविते. वास्तविक दोष तिच्यात नसून आपण दिलेल्या सामग्रीत असतो.

शाळा व पंचायतींसाठी

जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहेत आणि पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यामार्गे पुणे शहराच्या पिण्यासाठी जाते. त्यामुळे परवानगी आणि तिच्या अटी प्रथम पाहाव्यात. वारा हेच इंधन असल्यामुळे शिडाची होडी पाणी दूषित करीत नाही, ही जमेची बाजू आहे.

सामग्रीचा विचार करताना सांगाडे एकाच प्रकारचे घ्यावेत आणि त्यांच्यासाठी तिन्ही मापांची शिडे व डोलकाठीचे खालचे तुकडे ठेवावेत. सातवीतील मूल बारावीत जाईपर्यंत त्याचे वजन वीसएक किलोंनी वाढू शकते. तेव्हा नवी होडी घ्यावी लागत नाही, फक्त शीड आणि काठीचा तुकडा बदलतो. त्याहून लहान मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची छोटी होडी योग्य. दर तीन महिन्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याचे वजन व उंची नोंदवहीत लिहावी आणि त्यावरून शीड ठरवावे. ठरविण्याचे कारण विद्यार्थ्यालाही सांगावे, म्हणजे लहान शीड मिळाल्याचा सल त्याच्या मनात राहणार नाही.

धरणांनी या तालुक्यांतील अनेक कुटुंबांची जमीन आणि घरे घेतली. त्या पाण्यावर त्यांच्याच नातवंडांना निर्भयपणे वावरता यावे, ही अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी मोठ्या खर्चाआधी एक साधा वजनकाटा आणि शिक्षकाचे जागरूक मन एवढे असले तरी प्रारंभ योग्य दिशेने होईल.