आधी बसून हिशेब करा

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू शिकवतो (लूक १४:२८). युवकांच्या उपक्रमासाठी मदतीचा अर्ज लिहितानाही हेच करावे लागते.

‘युवकांचा विकास व्हावा’ एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. दहावीनंतर आपल्या धर्मग्रामातील किती मुले-मुली शिक्षण सोडून घरी आहेत, ते आधी घरोघरी जाऊन मोजा. मग त्यांना काय शिकवणार, कोण शिकवणार, किती महिने आणि शेवटी कोणता बदल दिसेल, ते लिहा. मानधन, साहित्य, जागा असा प्रत्येक खर्च वेगळा दाखवा.

कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यात शिक्षण व रोजगारकौशल्ये येतात. मात्र १ एप्रिल २०२१ पासून कंपनीसाठी असे काम हाती घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते. कागदपत्रे आधी तपासा.

आकडा फुगवू नका. वीस मुले असतील तर वीसच लिहा. अर्ज नामंजूर झाला, तरी त्या वीस जणांची नावे आता आपल्याला ठाऊक आहेत. त्यांना विसरून चालणार नाही.