खवले मांजराची झोप

खवले मांजर हे मांजर नव्हे. आपल्या नखांच्याच द्रव्याचे खवले अंगभर ल्यालेला, दात नसलेला, मुंग्या व वाळवी खाऊन जगणारा हा सस्तन प्राणी आपल्या राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरांतही आढळतो. तो क्वचितच दृष्टीस पडतो, कारण आपण जागे असतो तेव्हा तो झोपलेला असतो.

ही झोपही मोठ्या बंदोबस्ताची. नखांनी खोल बीळ खणायचे, आत शिरल्यावर त्याचे तोंड मातीने बुजवायचे आणि शेपटीखाली डोके घालून अंगाची गुंडाळी करायची. पिल्लू (बहुधा एकच असते) असल्यास आई त्याला पोटाशी घेऊन भोवती वेटोळे घालते.

घोटाळा होतो तो या गुंडाळीमुळे. भ्याले तरी ते हेच करते. मागे आमच्या गावी पाणंदीत असे एक सापडले. पोरांनी ते पत्र्याच्या पिंपात ठेवून पुढ्यात दूधभाकरी ठेवली. दिवसभर ते हलले नाही. "गरीब आहे, निवांत झोपलंय," असे जाणती माणसेही म्हणू लागली. झोप कसली! हात लावताच गुंडाळी अधिकच आवळे आणि आतून फुसकारा येई. रात्री वनखात्याच्या माणसांनी ते रानात सोडले.

बिबट्यालाही सहसा न उलगडणारी ही गुंडाळी माणूस मात्र उचलून पोत्यात घालतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणे वा पाळणे गुन्हा आहे, तरी खवल्यांसाठी चोरटी शिकार चालतेच. आणि पाळले तरी ते फारसे जगत नाही. कोंडल्यावर बहुधा अन्नच टाकते.