न थकणारा सोबती

पक्षाघाताचा झटका ओसरल्यावर रुग्णालयातील रुग्ण आणि त्याचे नातेवाईक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो चालण्याविषयी. चालणे पुष्कळांना कमीअधिक प्रमाणात साधतेही. हाताचा प्रश्न मागाहून, घरी परतल्यावर उभा राहतो. पोळीचा तुकडा मोडता येत नाही, सदऱ्याची गुंडी लागत नाही, सही करताना पेन बोटांत ठरत नाही.

मेंदूच्या एखाद्या भागाकडे जाणारा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला किंवा रक्तवाहिनी फुटली, की तेथील पेशी मरू लागतात. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजवा भाग डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. म्हणून इजा एकीकडे आणि लुळेपणा दुसरीकडे दिसतो. पाय थोडा ताठ राहिला, तरी तो शरीराचा भार पेलतो आणि काठीच्या आधाराने माणूस चालू शकतो. ताठ हाताचा मात्र फारसा उपयोग होत नाही. पाण्याने भरलेला पेला उचलून ओठांपर्यंत नेताना स्वतःच्या हाताकडे जरा लक्ष देऊन पाहा. खांदा हात पुढे नेतो, कोपर उलगडते, बोटे पेल्याच्या आकाराप्रमाणे उघडून बेताने मिटतात, आणि पाणी सांडू नये म्हणून मनगट सतत तोल सांभाळत राहते. यांपैकी एक दुवा निखळला, तरी पेला ओठांपर्यंत पोहोचत नाही.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. तरीही हात सुधारू शकतो, कारण मेंदूचे उरलेले भाग आपली रचना काही प्रमाणात बदलून गमावलेले काम अंगावर घेऊ शकतात. या गुणाला मेंदूची लवचिकता म्हणतात. ती सरावाने जागी होते, आणि सराव थांबला की उलटा परिणामही होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले, की अधू हाताने वारंवार अपयश आले म्हणजे प्राणी तो हात वापरणेच सोडून देतो. पुढे हालचाल शक्य झाली तरी सवय सुटत नाही. माणसाचेही असेच होते. डाव्या हाताने काम भागते, मग उजवा हात मांडीवर पडून राहतो. टॉब यांनी त्यावर काढलेला उपाय साधा, पण कठोर होता: चांगल्या हातावर जाड मोजा चढवून त्याला अडवून ठेवायचे आणि अधू हाताला कामाला लावायचे. २२२ रुग्णांवरील एका अभ्यासात या पद्धतीने हाताचा वापर वाढल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात, ज्यांच्या मनगटात व बोटांत थोडीतरी हालचाल उरली आहे, त्यांनाच हा उपाय लागू पडतो.

मग सराव किती हवा? प्राण्यांवरील प्रयोगांत एका दिवसात शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतली जाते. अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या ३१२ उपचार-बैठकांचे निरीक्षण केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव ज्या बैठकांत झाला, त्यांतही त्या सरासरी ३२ वेळाच झाल्या. यात उपचारतज्ज्ञाला दोष देण्याचे कारण नाही. लुळ्या हाताचे वजन पेलत तो शेकडो वेळा पुढे-मागे नेणे हे अंगमेहनतीचे काम आहे, आणि त्याच्याकडे एकच रुग्ण नसतो.

यंत्राची गरज येथे निर्माण झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन, हर्मानो इगो क्रेब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास असे एक यंत्र घडवले. त्याच्या नावातील 'मॅनस' या लॅटिन शब्दाचा अर्थ हात. रुग्ण मेजाशी बसतो. त्याचा अग्रबाहू आधाराला बांधलेला असतो, हातात मूठ दिलेली असते आणि समोरच्या पडद्यावर मध्यभागी एक व भोवती आठ ठिपके दिसतात. मूठ सरकवून एकेका ठिपक्यापर्यंत पोहोचायचे आणि परत यायचे, एवढाच खेळ.

कारखान्यातील यंत्रमानव आपल्या मार्गात आलेल्या हाताची पर्वा करत नाही. या यंत्राचा स्वभाव मुद्दाम मृदू ठेवला आहे. रुग्णाने स्वतः हात हलवला, तर ते बाजूला होऊन वाट देते. हात भरकटला, तर हलकेच सावरते. मध्येच थांबला, तर पुढे नेते. मदत हवी तेवढीच द्यायची, हे त्यातील महत्त्वाचे सूत्र. सगळे काम यंत्रानेच केले, तर हात हलतो, पण मेंदू स्वस्थ बसतो. हे तारतम्य पाळून तासाभरात हजारापर्यंत हालचाली करून घेता येतात.

एवढ्या हालचालींचे फळ काय मिळाले? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १२७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांना झटका येऊन किमान सहा महिने लोटले होते. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत बारा आठवड्यांनी ठळक फरक दिसला नाही; छत्तीस आठवड्यांनी यंत्रावर सराव केलेले रुग्ण काहीसे पुढे होते. परंतु तितकाच कसून सराव माणसांनी करून घेतलेला गटही त्यांच्या बरोबरीनेच सुधारला होता. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या अभ्यासाने २०१९ मध्ये अधिक निराशा केली. नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्रामुळे हाताची कार्यक्षमता वाढल्याचे त्यात आढळले नाही.

कार्यक्षमता मोजण्याची पद्धत पाहिली, म्हणजे याचे कारण थोडेफार उमगते. या अभ्यासात वापरलेल्या चाचणीत एकोणीस कामे असतात. लाकडी ठोकळे व क्रिकेटचा चेंडू उचलून ठेवणे, एका पेल्यातील पाणी दुसऱ्यात ओतणे, गोटी चिमटीत धरणे, हात तोंडापर्यंत नेणे अशी ती कामे. मेजावर मूठ सफाईने सरकवणारा हात गोटी उचलेलच, असे नाही. खांदा व कोपर यांनी कमावलेले बळ बोटांपर्यंत आपोआप उतरत नाही. उचलण्याचा सराव उचलूनच करावा लागतो.

दूरचित्रवाणीला जोडलेल्या खेळांचेही असेच झाले. हातातील नियंत्रक हलवून पडद्यावर खेळणाऱ्या रुग्णांची तुलना पत्ते किंवा चेंडू खेळणाऱ्यांशी केली गेली. १४१ रुग्णांच्या या अभ्यासात (२०१६) दोन्ही गट सुधारले, आणि फरक पडला नाही. पत्त्यांचा जोड कोणत्याही घरात सापडतो, ही गोष्ट लहान नव्हे.

म्हणून यंत्र निरुपयोगी ठरते का? जेथे उपचारतज्ज्ञच अपुरे आहेत आणि थोड्या दिवसांतच रुग्णाला दूरच्या गावी परतावे लागते, तेथे कसून सराव करून घ्यायला माणूस आणायचा कोठून? भारतातील संशोधकांनी या अडचणीकडे पाहून लहान यंत्रांचा विचार केला. दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांसह मनगट व बोटांसाठी हातावर चढवायचे यंत्र तयार केले. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रास आयआयटी यांच्या 'प्लुटो' या यंत्रात एकच मोटर आहे. तिला निरनिराळे जोड बसवले, की कधी मनगट वाकवण्याचा, कधी अग्रबाहू फिरवण्याचा, कधी मूठ उघडण्या-मिटण्याचा सराव होतो. मेजावर मावेल एवढ्या या यंत्राने किती मदत करायची, हे रुग्णाच्या हाताकडे पाहून ठरवावे लागते. हात सुधारत गेला, की ती मदत थोडी थोडी कमी केली जाते.