लिबर्टी जहाजे : युद्धकाळातील एक जमाखर्च

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात मालवाहू जहाजे इतक्या वेगाने बुडवीत होत्या की, नवी बांधणी त्या गतीला पुरी पडेना. ब्रिटनचे अन्न, इंधन व दारूगोळा याच मार्गाने येई. उत्तम जहाजे मोजकी बांधण्याऐवजी साधी जहाजे अमाप बांधावीत, असा हिशेब अमेरिकेने मांडला आणि त्यातून ‘लिबर्टी’ जहाजे जन्मास आली.

मूळ आराखडा ब्रिटिश, वाफेचे इंजिन त्या काळीही जुनाट, वेग ताशी जेमतेम ११ सागरी मैल. भारक्षमता मात्र सुमारे १०,००० टन. रूप असे की त्यांना ‘कुरूप बदकपिल्ले’ म्हटले गेले. पहिले जहाज ‘पॅट्रिक हेन्री’ २७ सप्टेंबर १९४१ रोजी बाल्टिमोर येथे पाण्यात उतरले. १९४५ पर्यंत २,७१० जहाजे झाली.

धरणे व रस्ते बांधणारे कंत्राटदार हेन्री कैसर यांच्या गोद्यांत जहाजाचे मोठमोठे भाग वेगळे तयार करून क्रेनने जोडले जात. रिव्हेटची जागा वेल्डिंगने घेतली. ते लवकर शिकता येत असल्याने हजारो स्त्रियाही या कामावर रुजू झाल्या. प्रारंभी एका जहाजास सुमारे २३० दिवस लागत. पुढे सरासरी ४२ दिवसांवर आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ पाच दिवसांच्या आतच पाण्यात उतरले. अर्थात तो प्रसिद्धीसाठी केलेला विक्रम होता, नित्याचा परिपाठ नव्हे.

खर्चाची बाजू थंड समुद्रात उघडी पडली. अनेक जहाजांना तडे गेले, काही तर दुभंगली. दोष प्रथम वेल्डिंगवर ठेवला गेला. केंब्रिजच्या संशोधक कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र दाखवून दिले की, त्या प्रतीचे पोलाद थंडीत ठिसूळ बनते. रिव्हेटच्या जहाजात भेग बहुधा पत्र्याच्या कडेशी थांबे. वेल्डिंगने सांगाडा एकसंध झाल्याने ती पुढे धावे. तिचा उगम पुष्कळदा मालकोठीच्या तोंडाच्या चौकोनी कोपऱ्यांत असे. ते कोपरे गोलाकार करण्यात आले व सांगाड्यावर मजबुतीच्या पट्ट्या बसविण्यात आल्या.

जेमतेम पाच वर्षांचे आयुष्य गृहीत धरलेली ही जहाजे १९४६-४७ मध्ये विक्रीस निघाली. युद्धात ग्रीसचा बहुतांश व्यापारी ताफा नष्ट झाला होता. ग्रीक जहाजमालकांनी काही रक्कम रोख व उर्वरित हप्त्यांनी, शासनाच्या हमीवर, अशी १०० जहाजे घेतली. कागदोपत्री आयुष्य संपत आलेल्या मालमत्तेवर दीर्घ मुदतीचे कर्ज, हे धाडसच! त्यांतील अनेक जहाजे १९६० च्या दशकापर्यंत माल वाहत राहिली. ग्रीसमध्ये त्यांना ‘धन्य जहाजे’ म्हणत.