रस्ता, पाणी आणि भात

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले शेजारी शेजारी उभे आहेत. लोहगडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी हे लहानसे गाव आहे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत लोहगडही आहे. गड पाहायला लोक दुरून येतात. मुलांनो, आज आपण गडाखालच्या शेतकऱ्याचा विचार करू.

मावळचे मुख्य पीक भात. येथला इंद्रायणी तांदूळ प्रसिद्ध आहे. पण पीक चांगले आले की गरिबी जाते का? नेहमीच नाही.

लोहगडवाडीहून मळवली स्टेशनकडे जाणारी जुनी पायवाट गायमुख खिंडीतून भाजे गावात उतरते. समजा, एका शेतकऱ्याजवळ दहा पोती भात आहे आणि गाडीरस्ता नाही. डोक्यावर किती खेपा करणार? अशा वेळी व्यापारी दारात येतो. शेतकरी माल बाजारात नेऊ शकत नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो सांगेल तोच भाव! रस्ता नसला की खत महाग पडते आणि आजारी माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

शेंगेन फॅन, पीटर हेझेल आणि महाराष्ट्राचे सुखदेव थोरात या अर्थतज्ज्ञांनी भारतातील सरकारी खर्चाचा अभ्यास केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. खेड्यांतील गरिबी कमी करण्यात रस्त्यांवरील खर्चाचा वाटा सर्वांत मोठा, असे त्यांना आढळले. त्याखालोखाल शेतीसंशोधनाचा क्रमांक होता.

आता लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. पर्यटकांना घरगुती जेवण देऊन काही कुटुंबे चार पैसे मिळवतात.

पण एकट्या रस्त्याने भागत नाही. लोणावळा परिसरात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगरउतारावरून ते पाणी वाहून जाते. गडावरून पवना धरणाचे पाणी दिसते. पण खालचे पाणी वरच्या शेतात आणायचे तर पंप हवा, पंपाला वीज हवी. पाण्याची साठवण नसेल तर खरिपाचे एकच पीक हाती येते. रब्बीत शेत रिकामे आणि हातही रिकामे.

रस्त्यामुळे जमिनीचा भाव वाढतो. गरजेपोटी शेतकरी जमीन विकतो. तो पैसा एक दिवस संपतो. त्याच जमिनीला पाणी मिळाले, तर ती दरवर्षी पीक देते. म्हणून रस्ता, पाणी आणि वीज यांची सांगड घातली पाहिजे.

शब्दार्थ
पायथा – डोंगराच्या खालचा भाग
खेप – ओझे घेऊन केलेली एक फेरी
साठवण – साठवून ठेवणे
सांगड घालणे – एकमेकांशी जोडणे

स्वाध्याय
१. व्यापारी सांगेल तो भाव शेतकऱ्याला का घ्यावा लागतो?
२. भरपूर पाऊस पडूनही रब्बीत शेत रिकामे का राहते?
३. बाजार, जमीन, खरीप, रब्बी हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या जवळच्या एखाद्या खेड्यात कोणती सोय आधी हवी? कारण देऊन पाच वाक्ये लिहा.