चार डोसे, एक तवा

उडप्याकडे इडली सगळ्यांना एकदम मिळते, डोसे मात्र एकेक येतात. असं का? मित्रांनो, उत्तर आपल्या हीट ट्रान्सफरच्या सिलॅबसमध्येच आहे.

इडली म्हणजे बॅच प्रोसेस. साच्यातल्या सगळ्या एकाच वाफेवर उकडतात. १ ग्रॅम वाफेचं इडलीवर पाणी झालं की सुमारे २२६० ज्यूल उष्णता मिळते. तेच उकळतं पाणी १ अंशाने निवलं तर जेमतेम ४.२. शिवाय तापमान १०० अंशांवर जात नाही, त्यामुळे करपायची भीती नाही.

डोशाला तापलेला तवा लागतो. पण फार तापला तर पीठ टाकताक्षणी धरतं, पसरतच नाही. म्हणून अण्णा पाणी शिंपडतात (स्टाईल म्हणून नाही!). ते वाफ होताना तव्याची उष्णता घेऊन जातं. छोट्या हॉटेलात तवाही छोटा, म्हणजे रांग आलीच.

आमच्या घरी पहिला डोसा आजीला, शेवटचा आईला. "गरम आहे तोवर खा रे," म्हणत ती बसून राहते. तिचा येईस्तोवर आमची कॉफीसुद्धा संपलेली असते. एकदा चारही एकदम आणायला सांगितले, तर आधीचे दोन मऊ पडले. डोशातली वाफ थंड स्टीलच्या प्लेटवर पाणी होते आणि खालून डोशातच मुरते.

तेव्हा घरचे हॉस्टेलवर भेटायला आले, की आधी दोन प्लेट इडली मागवून मध्ये ठेवा. सगळ्यांचं खाणं एकदम सुरू होतं. मग डोसे येऊ देत सावकाश. पहिला आईपुढे सरकवा, ती नको म्हणाली तरी.